भिंतीवरच्या काकांची हजेरी

४ फेब्रुवारी

आज दुपारी भावोजींनी दुकानाच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. काउंटरच्या आत, औषधांच्या कपाटांपासून दोन पावलांवर. मी तिच्या मागे राहायचं. कपाटातून औषध काढायचं आणि पट्टीवरून पुढे द्यायचं. गिऱ्हाइकाच्या हातात ते ठेवणार नोंदणीकृत औषधनिर्माता, दुसरं कुणी नाही. विधिमंडळात कायदा मंजूर झाला आहे आणि एक एप्रिलपासून तो राज्यभर लागू होणार आहे. भावोजी म्हणाले, आतापासून सवय करू.

"पण पट्टीच्या पुढे कोण उभं राहणार?" मी विचारलं.

भावोजींनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर काचेच्या चौकटीत औषधनिर्मात्याचं प्रमाणपत्र आहे. त्यावर एका तरुणाचा फोटो आहे. दाट केस, डावीकडे भांग, रुंद कॉलर. दुकानाचा परवाना याच माणसाच्या नावावर आहे. भावोजींच्या वडिलांचे ते मित्र. स्वतः एका पाइपच्या कारखान्यात हिशेबनीस होते. माणूस तिकडे आणि प्रमाणपत्र इकडे, अशी व्यवस्था. बऱ्याच दुकानांत ती असते म्हणे. मी नववीत शाळा सोडून भावोजींच्या दुकानात आलो त्याला सात वर्षं झाली. रोज सकाळी मी ती काच पुसतो, पण त्या माणसाला मी एकदाही पाहिलेलं नाही. आम्ही त्यांना फोटोकाका म्हणतो.

इतकी वर्षं औषधं मीच दिली. भावोजी गल्ल्यावर असतात. मी चिठ्ठी दोनदा वाचतो, खोक्यावरचं नाव चिठ्ठीशी अक्षर अक्षर जुळवतो, मुदत बघतो आणि मगच देतो. आजवर चुकीचं औषध गेलेलं नाही. हे बढाई म्हणून लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहितो.

रात्री ताईला विचारलं, "माझं काय होणार?" ती म्हणाली, "काही होत नाही, जेव." मी जेवलो. पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

११ फेब्रुवारी

भावोजी मागच्या दारात उभे राहून फोनवर बोलत होते. मी खोकी फोडत होतो. "डिप्लोमावाला मुलगा" हे शब्द ऐकू आले, नंतर "गोदामात" असं. मधलं काही कळलं नाही, कारण रस्त्यावरून ट्रक गेला.

गोदाम बस डेपोच्या मागे आहे. खिडकी नाही. तिथे खोकी मोजायची आणि रिक्षावाल्याची वाट बघायची. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण काउंटरवर माणसं येतात. लोक मला "बरं झालं रे त्या गोळीनं" असं सांगतात. खोकी असं काही सांगत नाहीत.

भावोजी हल्ली माझ्याशी कमी बोलतात. दुपारी दुकान सोडून कुठे तरी जातात आणि घामेघूम होऊन परत येतात. कुठे जाता, असं विचारायची माझी हिंमत नाही. माझ्या जागी ठेवायला माणूस शोधत असणार.

२ मार्च

फोटोकाका आले. खरे.

बुटके आहेत, डोक्यावर केस नाहीत, हातात कापडी पिशवी. पायरीवर थांबून दुकानाची पाटी वाचली, मग आत आले. कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. नव्या नियमाप्रमाणे दुकान उघडं असेल तोवर औषधनिर्मात्याला हजर राहावं लागणार, म्हणून भावोजींनी त्यांना बोलावून घेतलं. दुसरा माणूस मिळेपर्यंत.

काकांनी चौकटीकडे बराच वेळ पाहिलं.

"हा कोण?"

"अहो काका, तुम्हीच की!" भावोजी म्हणाले.

"असं होय. मला वाटलं आमचा मुलगा." मग माझ्याकडे वळून, "आणि तू?"

"मी औषधं देतो."

"माझ्या नावावर?"

 मी मान हलवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी तूच होतो," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. भावोजी खूप हसले. काका हसले नाहीत. मला ते रागीट वाटले.

५ मार्च

आज हजेरीचं यंत्र आलं. शाळेतल्या पाटीएवढं आहे, वर कॅमेरा. उघडताना, दुपारी आणि बंद करताना औषधनिर्मात्याने चेहरा दाखवायचा, की हजेरी थेट राज्याच्या कार्यालयात जाते.

यंत्राने काकांना ओळखलं नाही. "चेहरा जुळत नाही" असं ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागलं. काकांनी चष्मा काढला. हनुवटी वर केली. भावोजी म्हणाले, "काका, जरा तरुण व्हा ना, एवढ्यासाठी अडलंय." काकांनी डोक्यावर रुमाल धरून पाहिला. त्याचाही उपयोग झाला नाही. कार्यालयाकडे काकांचा नोंदणीच्या वेळचाच फोटो आहे, तोच जो भिंतीवर आहे.

भावोजी वैतागून यंत्र हातात घेऊन वळले आणि तेवढ्यात ते गोड आवाजात म्हणालं, "हजेरी नोंदवली. धन्यवाद."

त्याने चौकटीतला फोटो पाहिला होता.

 मग भावोजी टेबलावर हात आपटून इतके हसले की त्यांना खोकला लागला. "सुटलात काका! उद्यापासून घरी आराम करा. तुमचा फोटो तुमच्याहून कामसू आहे!"

काका म्हणाले, "थोडा वेळ बसू का?" आणि दुकान बंद होईपर्यंत बसले.

६ मार्च

काका आज पुन्हा आले. भावोजी म्हणाले, "अहो, कशाला ही तसदी?" काका म्हणाले, "नातवाची परीक्षा आहे. घरात टीव्ही बंद." म्हणजे टीव्ही नाही म्हणून आले आहेत.

त्यांच्या पिशवीत एक जाड पुस्तक आहे, वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं. ओठ हलवत वाचतात. मी पाहिलं की मिटतात. रहस्यकथा असावी. पण पेन्सिलीने खुणा करत वाचतात. रहस्यकथेत खुणा कशाला करायच्या, ते मला कळत नाही.

१४ मार्च

आज मन नीट नाही. घडलं तसं लिहितो.

शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. महिनाभर येत आहेत. पाठदुखीची गोळी एका डॉक्टरांची, सर्दी-अंगदुखीची दुसऱ्यांची. दोन चिठ्ठ्या, दोन्ही बरोबर. मी दोन्ही औषधं काढली आणि पट्टीवरून काकांकडे दिली. एक एप्रिल अजून दूर आहे, पण सराव म्हणून तसं करतो.

काकांनी दोन्ही पाकिटं डोळ्यांजवळ नेली. मग बाईंना विचारलं, "बसता का जरा? पोट कसं आहे?"

"पोटाचं काय विचारता! आठवडा झाला, अन्न नको वाटतं. मळमळतं. मला वाटलं मशिनवर वाकून बसते म्हणून."

"या दोन्ही घेता? रोज?"

"लिहून दिल्यात ना."

"दोन्हींत एकच औषध आहे, बाई. नावं वेगळी. तुम्ही दुप्पट घेताय." काकांनी सर्दीची गोळी बाजूला ठेवली. "ही आज मी देत नाही. इथूनच डॉक्टरांना फोन लावतो. ते म्हणाले तर रक्त तपासून घ्या."

फोन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद करा आणि उद्या पाठवा. बाई काकांना म्हणाल्या, "तुम्ही आधी कुठे होता हो?"

काकांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि दिवसभर ते पुन्हा काढलं नाही.

मी चिठ्ठीप्रमाणेच दिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या होत्या. अक्षर अक्षर जुळवलं होतं. मग माझी चूक कुठे झाली? दिवसभर विचार केला. चूक सापडत नाही आणि तरी झोप येत नाही.

१५ मार्च

काकांना विचारलं, "मी काय करायला हवं होतं?"

"तू बरोबरच केलंस," ते म्हणाले. "चुकलं ते खुर्चीवरच्या माणसाचं." पण महिन्यापूर्वी खुर्ची रिकामीच होती, असं मी म्हणालो. "तेच सांगतोय," ते म्हणाले.

माझ्यावर रागावले असावेत. नीट उत्तर देत नाहीत.

२३ मार्च

आनंदाची बातमी! दोनदा वाचून खात्री केली आहे.

औषधविक्रेत्यांच्या संघटनेने मागच्या आठवड्यात एक दिवस दुकानं बंद ठेवली होती, त्याचा परिणाम झाला. कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याने नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली तीन वर्षं काम केलं आहे, त्याची "नोंदणीकृत सहायक" म्हणून नोंद होईल. शाळेची अट नाही! मग तो पट्टीच्या पुढे उभा राहू शकतो, औषध देऊ शकतो, कायमचा. अर्जावर औषधनिर्मात्याची सही हवी. मुदत ३० मार्च.

माझी तर सात वर्षं आहेत. तीनच्या दुपटीहून जास्त.

ताईने ऐकलं आणि मला जवळ घेतलं, मी लहान असल्यासारखं. भावोजी अर्ज घेऊनच आले होते. म्हणाले, "भर. तुझं अक्षर चांगलं आहे." मी कोऱ्या कागदावर आधी कच्चं लिहिलं, शब्दकोश काढून "पर्यवेक्षण" तपासलं आणि मग अर्जावर उतरवलं. एकही खाडाखोड नाही.

२५ मार्च

काका सही करत नाहीत.

भावोजींनी अर्ज पुढे केला. काकांनी तो वाचला आणि वाचत राहिले. "मी रोज हजर राहून याच्या कामावर प्रत्यक्ष देखरेख केली" असं वाक्य त्यात छापलेलं आहे.

"काका, एक सही," भावोजी म्हणाले. "शाई पण माझीच."

"सात वर्षांचं लिहिलंय."

"मग? सात वर्षं परवाना तुमचाच होता ना? पैशांचं पाकीट दर महिन्याला घरपोच येत होतं, तेव्हा नाही वाटलं काही?"

काकांचे कान लाल झाले. "वाटलं नाही, हे खरं," ते हळू बोलले. "उद्या सांगतो." पिशवी घेतली आणि दुपारीच निघून गेले.

 मी भावोजींना म्हणालो, "त्यांना मी आवडत नाही." भावोजी माझ्यावरच खेकसले, "तू गप रे! चार दुकानं फिरलो, गावभर चपला झिजवल्या. ज्या डिप्लोमावाल्याला विचारावं त्याला काउंटरवर आपलाच माणूस आणायचाय. म्हणतात, तुमच्या मेव्हण्याला टाका गोदामात. टाकायचं असतं तर फिरलो कशाला असतो?" आणि शटर इतक्या जोरात ओढलं की कडी बोटाला लागली.

चपला झिजवून कुठे फिरले आणि कशासाठी, ते विचारायचं राहिलं. बोटाला मलम मी लावलं.

२७ मार्च

काकांनी सही केली.

सकाळी आले ते पायरीवरच म्हणाले, "दे." सही लांबट आहे, शेवटी एक छोटी रेघ. सही झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरला. "नको. तू चांगला मुलगा आहेस. मी नसताना तू चांगलं काम केलंस, एवढं कुणीही लिहून देईल. पण तेवढ्यासाठी रकाना नाही त्यात."

"तुम्ही एक एप्रिलनंतर येणार ना?"

"तुझी नोंद झाली की माझी गरज काय?" मग हसून म्हणाले, "आणि फोटो आहेच."

त्यांनी आज पहिल्यांदा पुस्तक उघडं ठेवलं. डोकावलो. औषधशास्त्राचं होतं. नवी आवृत्ती. मार्जिनमध्ये पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते, परीक्षेला बसणारा लिहितो तसे. एका पानावर "शिवणकाम—दोन नावं, एक औषध" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

२९ मार्च

आज अर्ज द्यायला गेलो होतो. राज्याच्या औषध परिषदेचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यातच रांग. सगळे माझ्यासारखेच, हातात पारदर्शक पिशव्या, पिशवीत अर्ज. माझ्या पुढचा म्हणाला, "आमचा औषधनिर्माता परदेशात आहे. सही कुरियरने आली." सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

खिडकीवरच्या बाईंनी माझा अर्ज वाचला. "काय अक्षर आहे! असे अर्ज आले तर डोळे तरी टिकतील." मग शिक्का उचलला. "देखरेख प्रत्यक्ष होती ना? रोजची?"

मी म्हणालो, "पडताळणी होते का?"

"होणारच. या औषधनिर्मात्यांना बोलावतील. पगाराचे, निवृत्तीचे कागद मागतात. त्या काळात दुसरीकडे नोकरी निघाली तर यांचं नाव पटावरून कायमचं उडतं. खटलासुद्धा होतो." माझा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. तुमचं काही जात नाही. जाईल ते सही करणाऱ्याचं."

शिक्का हवेतच होता. मी म्हणालो, "अर्ज परत द्या."

"का? काय चुकलं?"

"देखरेख सुरू झाल्याची तारीख चुकली आहे."

"मग दुरुस्त करा, शेजारी सही—"

"दोन मार्च हवी. यावर्षीची."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे. "तीन वर्षं भरणार नाहीत मग."

"नाही."

"पुन्हा ही खिडकी उघडणार नाही, माहीत आहे ना? ही सूट एकदाच आहे."

मी "माहीत आहे" म्हणालो.  मग त्यांनी टेबलाखालून वेगळा फिका हिरवा अर्ज काढला. शिकाऊ सहायकाचा. त्याची तीन वर्षं अर्ज दिल्यापासून मोजतात. शिकाऊ माणूस काउंटरवर उभा राहू शकतो, पण औषधनिर्माता शेजारी असेल तेवढाच वेळ. तो उठला की शिकाऊ पट्टीच्या मागे.

मी हे का केलं, ते बसमध्ये नीट आठवून पाहिलं. मला चुकीची तारीख लिहिलेली सहन होत नाही. शाळेतही फळ्यावरची तारीख कालची राहिली तर मला चैन पडत नसे. तेवढंच कारण असावं. दुसरं काही सापडत नाही.

जुन्या अर्जाचे तुकडे केले. सही असलेला भाग आणखी बारीक फाडला.

३० मार्च

भावोजींनी सकाळी डोक्याला हात लावला. "अरे शहाण्या! ताटात वाढलेलं होतं! उचलून तोंडात घालायचं होतं फक्त!" ताई म्हणाली, "हळू बोला." ते म्हणाले, "हळू काय बोलू, तीन वर्षं गेली याची!" मग गल्ल्यावर जाऊन बसले आणि सुटे पैसे उगाच खणखणवत राहिले.

मी हिरवा अर्ज काकांपुढे ठेवला आणि जुन्याचं काय झालं ते सांगितलं. खिडकीवरच्या बाई काय म्हणाल्या, तेही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कळत नाही. काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मला हे माहीत होतं," ते म्हणाले. "पडताळणीचं."

"मग सही का केलीत?"

त्यांनी अर्ज वाचायला घेतला. वाचून झाल्यावर म्हणाले, "यात मला रोज यावं लागेल. फोटो चालणार नाही. तू उभा असशील तेव्हा मी शेजारी. माझं वय पाहिलंस का?"

"तुम्हाला जमणार नसेल तर राहू दे. गोदामातही काम असतं."

"घरी काय सांगू? नातवाच्या परीक्षा तीन वर्षं चालल्यात म्हणून?"

गल्ल्यावरून भावोजी म्हणाले, "रिक्षा मी लावून देतो. येण्याजाण्याची. आणि चहा दोनदा." ते आमच्याकडे न बघताच बोलले.

"तीनदा," काका म्हणाले. आणि सही केली. आज टोपण एकदाच लावलं.

दुपारी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. शेवटचा दिवस, भयंकर रांग. काकांचा नवा फोटोही तिथेच काढून घेतला. खिडकीवरच्या बाई काकांना म्हणाल्या, "हेच का ते?" काकांनी विचारलं, "कोण ते?" बाई म्हणाल्या, "काही नाही," आणि शिक्का मारला.

१ एप्रिल

नियम आजपासून लागू. सकाळी शटर मी वर केलं.

पहिलं गिऱ्हाईक ओळखीचं नव्हतं. उंच माणूस, खांद्यावर जॅकेट, हातात जाड चामडी हातमोजे. अंगावर पित्ताच्या गांधी उठलेल्या. चिठ्ठी दिली. मी दोनदा वाचली, औषध काढलं आणि काकांकडे द्यायला हात पुढे केला.

काकांनी घेतलं नाही. शेजारी सरकून माझ्यासाठी जागा केली. "तू दे. तू सांग. मी ऐकतोय."

सात वर्षं मी लोकांना औषधं सांगत आलो आहे. पण माझ्या शेजारी उभं राहून माझं बोलणं याआधी कुणी ऐकलेलं नाही. मी सांगितलं: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, पाच दिवस. पाकिटावर लिहूनही दिलं. माणूस "बरं" म्हणून वळला.

"अहो," काका म्हणाले, "काम काय करता?"

"क्रेन चालवतो. बंदरावर."

"मग सकाळची घेऊ नका. झोप येते हिने. डॉक्टरांना विचारून बदलून घेऊ, नाहीतर सुट्टी टाका."

माणसाने मोज्यांकडे पाहिलं, मग वर आमच्या दोघांकडे. "वर बसल्यावर खाली माणसं असतात हो," तो म्हणाला. काकांनी फोन लावला. डॉक्टरांनी दुसरं औषध सांगितलं. मी ते काढलं, दोनदा वाचलं आणि दिलं.

मोजे मला पहिल्यापासून दिसत होते. माझ्या डोळ्यांसमोरच होते. मी विचारलं नाही.

तो गेल्यावर मी काका रागावण्याची वाट पाहत उभा राहिलो. ते रागावले नाहीत. खुर्ची माझ्या बाजूला थोडी ओढून बसले आणि म्हणाले,

"हे आजचं. पुढचं उद्या."